परदेश व्हाया गोंदिया

रोटरॅक्ट, रायला, लिओ, जेसी, यूथ एक्स्चेंज... सीव्हीवर झकास दिसणारी ही नावं प्रत्यक्षात काय देतात, आणि कोणाला देतात? तांदळाच्या गावातून एक रोखठोक हिशेब!

कोल्हापूरहून सुटलेली महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे स्टेशनात शिरते तेव्हा डब्यावरच्या पाटीवर 'गोंदिया' असं लिहिलेलं असतं. मुंबईहून निघणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसवरही तेच नाव. तुमच्यापैकी बहुतेकांची माझ्या गावाशी ओळख एवढीच. गाडी जिथे संपते ते गाव! खरं तर गाडी संपते, रूळ संपत नाहीत. तीच लाइन पुढे छत्तीसगड ओलांडून थेट हावड्याला जाते. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. आठ तालुके, धानाची शेती, राइस मिल्स, तेंदूपत्ता आणि भरपूर जंगल. दुकानात हिंदी, ऑफिसात मराठी, घरात पोवारी नाहीतर छत्तीसगडी, असा आमचा रोजचा मामला.

आता विचार करा. अशा गावातल्या सोळा वर्षांच्या मुलीला कोणी सांगितलं, की तू वर्षभर ब्राझीलला जा, तिथल्या एखाद्या कुटुंबात राहा, तिथल्या शाळेत शिक. राहण्या-जेवण्याचे आणि फीचे पैसे द्यायचे नाहीत. घरचे पहिला प्रश्न विचारतील, "एजंट कोण आहे जी?" एजंट कोणीच नाही! हे रोटरीचं यूथ एक्स्चेंज. त्याच रोटरीचा कॉलेजवयीन मुलांसाठीचा क्लब म्हणजे रोटरॅक्ट आणि नेतृत्वाचं शिबिर म्हणजे रायला. लायन्सवाल्यांचे लिओ क्लब आहेत, जेसीआयवाल्यांची ट्रेनिंग्ज आहेत. 'तरुणांमध्ये नेतृत्वगुण घडवणे' हे या सगळ्यांचं आवडतं वाक्य.

मी गोंदियात कॉलेजला असताना एक वर्ष रोटरॅक्टची सेक्रेटरी होते. म्हणजे मिनिट्स लिहिणं, हॉलची किल्ली आणणं आणि समोसे मोजणं ही तिन्ही खाती माझ्याकडे! त्यामुळे या सगळ्या प्रकाराबद्दल मला प्रेम आहे, आणि काही प्रश्नही आहेत. दोन्ही सांगते.

ही अक्षरं कसली?

रोटरी-लायन्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोतीबिंदूचं शिबिर, चौकातलं घड्याळ आणि पोलिओचे दोन थेंब येतात. यातलं पोलिओचं काम खरोखर प्रचंड होतं. रोटरीने १९८५ मध्ये जगभर पोलिओविरुद्ध मोहीम उघडली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला, तो हावडा जिल्ह्यात, म्हणजे आमच्याच रेल्वेलाइनच्या दुसऱ्या टोकाला. २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. पण या क्लबांचं तरुणांसाठीचं खातं मात्र बाहेरच्या माणसाला फारसं माहीत नसतं.

थोडक्यात जंत्री अशी. शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ ला रोटरी सुरू केली. शाळकरी मुलांसाठी, म्हणजे १२ ते १८ वयासाठी, इंटरॅक्ट क्लब आले ते १९६२ मध्ये, फ्लोरिडातल्या एका हायस्कुलात. गंमत म्हणजे त्या वर्षी जागतिक रोटरीचे अध्यक्ष होते कोलकात्याचे नितीश लाहरी, या पदावर बसलेले पहिले भारतीय. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या इंटरॅक्ट क्लबांपैकी एक आपल्या तंजावरला निघाला. १८ च्या पुढच्यांसाठी रोटरॅक्ट १९६८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात सुरू झालं. रायला, म्हणजे रोटरी यूथ लीडरशिप अवॉर्ड्स, हे मूळचं ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं रोप. जागतिक रोटरीने ते १९७१ मध्ये अधिकृत केलं. नावात 'अवॉर्ड' असलं तरी हे आहे काही दिवसांचं शिबिर, १४ ते ३० वयोगटासाठी. लायन्सचा पहिला लिओ क्लब १९५७ चा, पेनसिल्व्हेनियातला. आणि जेसीआयचं मूळ १९१५ च्या सेंट लुईसमध्ये. त्यांची अट १८ ते ४०. चाळिशी झाली की निरोप!

ही सगळी बीजं बाहेरून आलेली, हे उघडच आहे. प्रश्न हा, की आमच्या धानाच्या बांधीत ती रुजतात कशी?

एक जुलैचा फंडा

रोटरॅक्टचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, सगळे फक्त एका वर्षासाठी. पुढच्या वर्षी नवी टीम. वरवर साधा वाटणारा हा नियम, पण माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात भारी फंडा हाच आहे. आपल्याकडे गणेश मंडळाचा अध्यक्ष एकदा झाला की त्याची पोरं मोठी होईपर्यंत तोच असतो. इथे मात्र तुम्ही कितीही हुशार असा, बारा महिन्यांनी किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची. काम शिकायचं आणि लगेच सोडायलाही शिकायचं.

मधल्या बारा महिन्यांत काय होतं? लोकांना वाटतं भाषणं. प्रत्यक्षात पैसे मागायला शिकता! वीस वर्षांच्या पोराने बाजारातल्या व्यापाऱ्यासमोर उभं राहून "काका, बॅनरचे पैसे द्याल का" असं विचारणं ही कुठल्याही एमबीएत न शिकवली जाणारी गोष्ट आहे. काका आधी चहा पाजतात, मग बाबांचं नाव विचारतात, मग "उद्या ये" म्हणतात. चौथ्या 'उद्या'ला पैसे मिळतात. तोवर तुम्ही विक्री, संयम आणि माणसांची पारख हे तिन्ही विषय पास झालेले असता.

आमच्या रक्तदान शिबिराचंच घ्या. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यातल्या अनेकांना वेळोवेळी रक्त लागतं, त्यामुळे गोंदियात रक्तदान हा फोटोपुरता कार्यक्रम नसतो. कॉलेजात नाव नोंदवायची वही फिरवली, पानं भरली. शिबिराच्या दिवशी रक्तपेढीचे लोक आले आणि गाळणी सुरू झाली. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. मुलींची रांग सरकेना. कुणाचं हिमोग्लोबिन कमी, कुणाचं वजन. वहीतली निम्मी नावं तिथेच गळाली.

संध्याकाळी मीटिंगमध्ये सगळे हिरमुसलेले. तेव्हा आमच्यातलीच एक, एरवी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली की आपल्याला आज बाटल्या कमी मिळाल्या, पण आपल्या मुलींच्या अंगात रक्त नाही हे कळलं की नाही? पुढचा कार्यक्रम हिमोग्लोबिन तपासणीचा झाला, आणि तो तिनेच चालवला. नेतृत्व म्हणजे काय, यावर मी नंतर मास कॉमच्या वर्गात बरीच लेक्चर्स ऐकली. त्या संध्याकाळएवढं नीट कोणी समजावलं नाही.

ब्लेझरवरचे बिल्ले

आता ग्लॅमरवाल्या भागाकडे वळू. यूथ एक्स्चेंजची कल्पना १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरातल्या रोटरी क्लबापासून सुरू झाली असं मानतात. आज शंभराहून अधिक देशांत ती चालते. वय १५ ते १९. दोन प्रकार आहेत. लाँग टर्म म्हणजे पूर्ण शैक्षणिक वर्ष. त्यात मुलं बहुधा एकापेक्षा जास्त कुटुंबांत राहतात आणि तिथल्या शाळेत जातात. शॉर्ट टर्म म्हणजे काही दिवसांपासून तीनेक महिन्यांपर्यंत, बहुतेकदा सुट्टीत. दहावी-बारावीच्या बोर्डाचं भूत मानगुटीवर असलेल्या आपल्या आई-बाबांना अर्थातच दुसरा प्रकार जास्त मानवतो. 'वर्ष वाया जाईल' या तीन शब्दांपुढे ब्राझील, जर्मनी, जपान सगळे हरतात!

जाणाऱ्या मुलांना आउटबाउंड म्हणतात, येणाऱ्यांना इनबाउंड आणि परत आलेल्यांना रिबाउंड. ही मुलं एक ब्लेझर घालतात आणि भेटेल त्या देशाच्या मित्राशी बिल्ल्यांची अदलाबदल करतात. वर्षाच्या शेवटी ब्लेझर इतका जड होतो, की खुंटीलाही पेलत नाही. नियम कडक असतात. त्यांना 'चार डी' म्हणतात : ड्राइव्ह नाही, ड्रिंक नाही, ड्रग्ज नाहीत, डेट नाही. आपल्याकडच्या पालकांना ही यादी वाचून भलताच आनंद होतो. जी कुटुंबं मुलांना ठेवून घेतात त्यांची आधी मुलाखत होते, घर पाहिलं जातं, पार्श्वभूमी तपासली जाते. मार्च २०२० मध्ये कोविड आला आणि जगभरची ही ये-जा थांबली. मग हळूहळू एकेक देश पुन्हा उघडत गेला.

पण खर्चाचं गणित नीट समजून घ्या. राहणं, जेवण, शाळा यांची सोय यजमान क्लब आणि कुटुंबं करतात. विमानाचं तिकीट, विमा, पासपोर्ट, व्हिसा आणि हातखर्च मात्र तुमचा. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मुंबईत, म्हणजे गोंदियाहून साधारण हजार किलोमीटर. शिवाय तुमच्या मुलाला कोणी ठेवून घेणार असेल, तर बहुतेक ठिकाणी तुम्हीही दुसऱ्या कुणाचं मूल घरी ठेवून घ्यावं अशी अपेक्षा असते. त्याला वेगळी खोली हवी असं नाही, पण वेगळा पलंग आणि थोडा एकांत तर हवाच. म्हणजे फुकट असलेल्या या योजनेला एक अदृश्य पात्रता आहे : घर केवढं आहे?

नियमाने बाहेर काढलेले नातेवाईक

नोकरी करणाऱ्यांसाठीही रोटरीची एक अफलातून योजना होती. ग्रुप स्टडी एक्स्चेंज, म्हणजेच जीएसई. १९६५ मध्ये सुरू झाली. २५ ते ४० वयाच्या चार-पाच जणांची टीम, सोबत एक रोटेरियन टीमलीडर, आणि चार ते सहा आठवडे दुसऱ्या देशात. डॉक्टरने तिथली हॉस्पिटलं पाहायची, शिक्षकाने शाळा, पत्रकाराने न्यूजरूम. प्रवासाचा खर्च रोटरी फाउंडेशन करायचं, मुक्काम रोटेरियनांच्या घरी. २०१३ मध्ये ही योजना बंद झाली. त्याऐवजी व्होकेशनल ट्रेनिंग टीम आल्या, पण त्या एखाद्या ठराविक विषयाच्या प्रशिक्षणासाठी असतात. 'जा, बघ आणि ये' ही चैन संपली. तिशीच्या आतल्यांसाठी न्यू जनरेशन्स सर्व्हिस एक्स्चेंज आहे, पण त्यात बराचसा खटाटोप तुम्हालाच करावा लागतो.

जीएसईचा एक नियम मला फार आवडतो. टीमचे सदस्य रोटेरियन नसावेत, आणि रोटेरियनांची मुलं, सुना, जावई, जोडीदारही नसावेत! म्हणजे फाउंडेशनचा पैसा असला, की घरच्यांना बाजूला ठेवायचं हे या संस्थेला चांगलं ठाऊक होतं. यूथ एक्स्चेंजला असा नियम नाही. रोटेरियनांची मुलं जाऊ शकतात, इतरांचीही जाऊ शकतात. कागदावर दार सगळ्यांना उघडं आहे. पण दार कुठे आहे हे माहीत कोणाला असतं?

यादी कोणाच्या फोनमध्ये?

इथून माझी तक्रार सुरू होते. मी सेक्रेटरी असताना एकदा रायलासाठी नावं मागवली गेली. नोटीस बोर्डावर काही लागलं नाही. संबंधित क्लबच्या मंडळींनी आपापल्या फोनमधून नावं काढली. मित्राचा मुलगा, भाची, शेजारच्यांचा पार्थ-बिर्थ. सगळी चांगलीच मुलं होती, प्रश्न तो नाही. प्रश्न हा, की ती सगळी रेल्वेलाइनच्या एकाच बाजूची होती, इंग्लिश मीडियमची होती आणि स्टेजवर बोलायला आधीच शिकलेली होती. ज्यांना शिबिराची गरज सगळ्यात कमी, तीच शिबिराला!

यात कोणाचा दुष्टपणा नसतो, हेही सांगते. व्यापारी-डॉक्टर मंडळी आपल्या धंद्यातून वेळ काढून हे उद्योग करतात. शेवटच्या दिवशी वरून फोन येतो, 'नावं पाठवा', आणि माणूस समोर दिसेल त्याचं नाव पाठवतो. पण समोर कोण दिसतं, हे आपण कुठे राहतो त्यावर ठरतं.

त्यात कॅलेंडरचा घोळ. १ जुलैला नवं वर्ष सुरू होतं, पदग्रहण समारंभ, पहिली मीटिंग, सगळा उत्साह. आणि आमच्याकडे जुलै म्हणजे रोवणी! पऱ्हे तयार असतात, पाऊस लागलेला असतो, घरातलं प्रत्येक माणूस बांधीत चिखलात. आमगाव किंवा सालेकशाच्या खेड्यातून कॉलेजला येणारी मुलं त्या दिवसांत वर्गालाच नसतात, तर पदग्रहणाला कुठून येणार? नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत शिबिरं, तेव्हा धानाची कापणी. एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता. शिकागोच्या कॅलेंडरमध्ये ज्याला सुट्टी म्हणतात तो आमच्या अर्ध्या जिल्ह्याचा कमाईचा सीझन असतो.

आणि अंतर? रोटरीच्या नकाशात गोंदिया डिस्ट्रिक्ट ३०३० मध्ये येतं. हा डिस्ट्रिक्ट विदर्भापासून खानदेश आणि नाशिकपर्यंत पसरलेला. नाशिकला कार्यक्रम ठेवला तर आमची पोरं रात्रभर गाडीत. मुलींच्या घरून परवानगी मिळवणं हा तर स्वतंत्र प्रोजेक्ट असतो.

सर्टिफिकेट नसलेले लीडर

याउलट, ज्यांना आपण 'नेतृत्वगुण शिकवायला' निघतो, त्यांच्याकडे जरा नीट बघा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. त्या रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं. गावातली पंचविशीतली पोरं वडशाला जाऊन नाटक कंपनी ठरवतात, आगाऊ रक्कम देतात, मंडप उभारतात, तिकिटं छापतात, विकतात, दारावर उभं राहून भांडणं सोडवतात आणि पहाटे हिशेब जुळवतात. तोटा झाला तर खिशातून भरतात. तुमच्या हिंजवडीच्या भाषेत याला इव्हेंट मॅनेजमेंट, रिस्क आणि स्टेकहोल्डर म्हणतात. या पोरांना कोणी ब्लेझर दिलेला नाही आणि त्यांच्या बायोडेटात हे कुठेच लिहिलेलं नसतं, कारण हे लिहायचं असतं हेच त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

सरकारी एनएसएसही विसरू नका. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झालेली ही योजना. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर. इंग्रजी यावं लागत नाही, फी भरावी लागत नाही. आमच्याच विभागात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तिथे कुदळ-फावडं हातात घेऊन हजारो तरुण घडले. म्हणजे विदर्भाला स्वयंसेवा कोणी शिकागोहून शिकवायला हवी, अशी परिस्थिती कधीच नव्हती.

मग क्लबांकडे असं काय आहे, जे यांच्याकडे नाही? संपर्क. एनएसएसचा मुलगा श्रमदान करून घरी जातो. रोटरॅक्टचा मुलगा काम संपल्यावर डॉक्टर, सीए, मिलमालक यांच्याबरोबर एका टेबलावर जेवतो. पुढे त्याला इंटर्नशिप हवी असते, नागपुरात राहायला जागा हवी असते, तेव्हा फोन कोणाला करायचा हे त्याला माहीत असतं. या क्लबांची खरी दौलत हीच आहे, आणि म्हणूनच ती कोणापर्यंत पोचते हा प्रश्न महत्त्वाचा. मंडईचं नाटक उभं करणाऱ्या पोराला त्या टेबलावर खुर्ची मिळाली, तर तो काय करेल याची कल्पना करून पाहा.

विमानाशिवाय एक्स्चेंज

तर आता माझी एक सूचना. एक्स्चेंजचा जीव कशात असतो? विमानात नाही. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या पद्धतीने, दुसऱ्याच्या भाषेत चार दिवस काढण्यात असतो. त्यासाठी आम्हाला गोंदिया जिल्ह्याची हद्दही ओलांडावी लागत नाही!

अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगावच्या परिसरात नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. त्याच तालुक्यात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, जिथे मासे-भाताचा वास आणि बंगाली बोल कानी पडतात. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात गोंड समाज आहे. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे लोटणारा त्यांचा समुदाय पाहिलात, तर आपल्याच जिल्ह्यात आपण किती पाहुणे आहोत हे कळतं. गोंदिया शहरात सिंधी, मारवाडी, गुजराती, छत्तीसगडी घरं आहेत. शहरातल्या मिलमालकाची मुलगी दहा दिवस देवरीजवळच्या पाड्यावर राहिली आणि तिथली मुलगी दहा दिवस शहरात, तर खर्च किती? एसटीचं तिकीट! बाकी नियम तेच ठेवा. यजमान घराची तपासणी, पालकांची संमती, चार डी, सगळं. हवं तर ब्लेझरसुद्धा द्या. बिल्ल्यांची अदलाबदल मात्र झालीच पाहिजे.

काम कुठलं करायचं, हेही शोधायला नको. महाराष्ट्रात सारस पक्षी उरलाय तो मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात, धानाच्या शेतांत आणि तलावांच्या काठी. 'सेवा' ही स्थानिक संस्था शेतकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांची घरटी जपते आणि दर वर्षी उन्हाळा संपताना पहाटेच्या अंधारात जागोजाग स्वयंसेवक उभे राहून सारस मोजतात. त्या मोजणीत शहरातला इंटरॅक्टवाला आणि बांधाचा मालक असलेला शेतकरी शेजारी उभे राहतात, आणि पक्षी कुठे बसतो हे शेतकऱ्यालाच माहीत असतं. कोण कोणाला नेतृत्व शिकवतं, हे तिथे फार लवकर कळतं.

हे सगळं क्लबांच्या नियमात बसतं का? अगदी बसतं. जुलै २०२० पासून रोटरॅक्टची तिशीची वयोमर्यादा उठली आहे. आता पालक रोटरी क्लब नसतानाही रोटरॅक्ट क्लब काढता येतो. देवरीच्या किंवा अर्जुनीच्या कॉलेजात आपला स्वतःचा क्लब उभा करायला कायद्याने कोणी अडवत नाही. जुलै २०२२ पासून जागतिक वर्गणी आहे. कॉलेजातल्या क्लबला माणशी वर्षाला ५ डॉलर आणि बाहेरच्या क्लबला ८. म्हणजे साधारण चारशे ते साडेसातशे रुपयांच्या मध्ये. शहरातल्या पोराचा एक पिझ्झा, पण मजुरीवर जाणाऱ्या घरातल्या पोराचे दोन-तीन दिवस. ती वर्गणी शहरातल्या क्लबने भरली, तर बॅनरवर कुठेही छापून न येणारं पण टिकणारं काम होईल.

चौकट : जायचंय? मग आधी हे विचारा

* वय बघा. इंटरॅक्ट १२ ते १८, रायला १४ ते ३०, यूथ एक्स्चेंज १५ ते १९, लिओ १२ ते ३०, जेसीआय १८ ते ४०. रोटरॅक्टला १८ पूर्ण हवीत, वर मर्यादा नाही.
* एजंटला पैसे देऊ नका. एक्स्चेंजचा अर्ज स्थानिक रोटरी क्लबमार्फत जातो. सदस्याची ओळख नसली तरी क्लबच्या अध्यक्षांना थेट भेटा.
* 'फुकट' म्हणजे नेमकं काय, हे लेखी घ्या. तिकीट, विमा आणि व्हिसा बहुधा तुमच्याकडेच असतात.
* रायलाची फी अनेकदा पाठवणारा क्लब भरतो, पूर्ण किंवा काही भाग. विचारायला लाजू नका.
* शाळेला आधी सांगा. परत आल्यावर कुठल्या वर्गात बसायचं, हे जाण्यापूर्वी ठरवा.
* एक्स्चेंजला गेल्यावर यजमान घरात काही खटकलं, तर गप्प बसू नका. प्रत्येक विद्यार्थ्याला तिथे एक काउन्सिलर दिलेला असतो, त्याला सांगा.
* आधीच नोकरीला असाल तर मिळवण्यापेक्षा द्यायचा विचार करा. महिन्यातले दोन रविवार, एखाद्या क्लबच्या मुलांना बायोडेटा लिहायला शिकवायला.

शेवटचा मुद्दा तुमच्यासाठीच आहे. हा अंक हातात घेऊन बसलेल्या तुमच्यापैकी किती तरी जण आमच्यासारख्या गावांतून पुणे-मुंबईत आलेले आहेत. लीडरशिपच्या या कारखान्यांवर एक आरोप नेहमी होतो, की ते गावातली चुणचुणीत पोरं निवडतात, त्यांना बोलायला शिकवतात आणि ती पोरं बोलत बोलत निघून जातात. आरोप खरा आहे. मीही निघून आलेच की! पण निघून जाणं हा गुन्हा नाही. रोटरॅक्टमध्ये ३० जूनला आम्ही पुढच्या टीमला तीन गोष्टी देत असू : हिशेबाची वही, मिनिट्सचं रजिस्टर आणि कोणाकडे काय मागायचं याची फोन नंबरांची यादी. यातली यादी सगळ्यात मोलाची असते. तुमच्याकडेही आज तशी एक यादी आहे. शहरात येऊन चार-पाच वर्षांत तुम्ही ती जमवली आहे. आता ती देवरीच्या, तिरोड्याच्या, किंवा तुमच्या जे कुठलं गाव असेल तिथल्या अशा एखाद्या पोराच्या हातात द्या, ज्याच्या बाबांचं नाव कोणाच्याच फोनमध्ये सेव्ह केलेलं नाही.